बुधवारचं अंडं

सरकारी कागदावर देवाचं नाव नसतं, पण कधीकधी देवाचा वार असतो. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळेत पोषण आहार घेणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं. उकडून, नाहीतर पुलावात किंवा बिर्याणीत घालून. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा त्या भागात मिळणारं फळ. वार सांगितला बुधवार किंवा शुक्रवार. हेच दोन का, हा प्रश्न अंबरनाथ-बदलापूरकडच्या घरांत कुणाला पडला नसेल. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्तगुरूंचा आणि साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. राहता राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी शाळा बंद. ज्या कोणी तो मसुदा लिहिला त्याच्याही घरी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असणार.

तसे आठवड्याचे सातही वारच. पण 'आज वार आहे' म्हटलं की घरात मटण-मासळी शिजणार नाही, हे इकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पोषणशास्त्राच्या पुस्तकात असा वार कुठेच सापडत नाही. तिथे प्रथिनं ग्रॅममध्ये मोजतात, ऊर्जा किलोकॅलरीत, आणि सोमवारचा ग्रॅम बुधवारच्या ग्रॅमएवढाच भरतो. शाळकरी मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्याला ही दोन्ही पुस्तकं एकाच पिशवीत घालून फिरावं लागतं.

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं येतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांवर होती. आता ती बरीच पुढे गेली असणार, हे सकाळच्या लोकलमध्ये उभं राहणाऱ्याला सांगायला नको. या पट्ट्यात सिंधी आहेत, आगरी आणि कुणबी आहेत, बौद्ध आहेत, उत्तर भारतातून आलेले कामगार आहेत, गुजराती-मारवाडी दुकानदार आहेत, डोंबिवली परवडेना म्हणून पुढे सरकलेली मध्यमवर्गीय कुटुंबं आहेत, आणि बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. एवढ्या स्वयंपाकघरांतून आलेली मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या व्हरांड्यात एका रांगेत बसतात आणि एका पातेल्यातलं खातात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही साधी घटना नाही. पंगत म्हटलं की कोण कोणाशेजारी बसणार आणि कोण वाढणार, यावरून या देशात शतकानुशतकं भांडणं झाली आहेत. शाळेच्या खिचडीने ती बरीचशी मुकाट्याने गिळली. स्वयंपाकाचा प्रश्न मात्र मुकाट्याने सुटणारा नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्या.

वर्षातून एकदा या शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम या शहरांच्या ठाणे जिल्ह्याला परका नाही. त्याची देशभरातली सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला झाली, आणि तेव्हा पालघर ठाण्यातच होतं. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. वजनकाटा जमिनीवर ठेवतात, उंचीची पट्टी भिंतीला लावतात, चपला काढायला लावतात. डॉक्टर मुलाची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढतात आणि आतला रंग पाहतात. लाल रिबीन वर्षभर धुऊन धुऊन जशी होते तसा तो रंग दिसला, तर नावापुढे खूण. जीभ, नखं, दात, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग आहे का. एका मुलाला मिनिट-दोन मिनिटं. त्यात मुलाचा धर्म विचारायचा रकाना नसतो.

त्या पापणीमागची आकडेवारी सर्वांना उपलब्ध आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. सहा महिने ते पाच वर्षं या वयात रक्तक्षय ६८.९ टक्के. हीच मुलं पुढे पहिलीच्या बाकावर येऊन बसतात.

शाळेतल्या जेवणाचे नियमही आकड्यांतच आहेत. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं. आज पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. बाकी सगळ्यासाठी, डाळीपासून गॅसपर्यंत, १ डिसेंबर २०२४ पासून रोज माणशी ६ रुपये १९ पैसे होते. हिवाळ्यात भाव चढला की एक अंडं या साऱ्या रकमेलाही पुरून उरतं.

अंड्याच्या बाजूने फार मोठे दावे करण्यातही अर्थ नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक. पण २०२३-२४ मध्ये योजना होती २३ आठवड्यांची, म्हणजे वर्षाला २३ अंडी. त्याने कुणाची उंची वाढेल असं कोणताही प्रामाणिक आहारतज्ज्ञ म्हणणार नाही. इक्वादोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं तेव्हा खुजेपणा बराच घटला. तोच प्रयोग मलावीत झाला तेव्हा तसा फरक दिसला नाही, बहुधा तिथली मुलं मासे आधीपासून खात होती म्हणून. विज्ञान असंच अडखळत चालतं. जिथे ते ठाम बोलतं ती जागा वेगळी आहे, आणि ती पुण्याजवळ आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ पासून सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. जन्मतः हाडकुळी तरीही अंगात चरबी राखून असलेली भारतीय बाळं जगाला ठाऊक झाली ती या अभ्यासातून. त्यातच दिसलं की सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे. मुख्य कारण आहार: बी-१२ धान्यात, डाळीत, भाजीत नाही, ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं, दुधात थोडं, अंडं-मासळी-मांसात जास्त. म्हणजे आजीने मनोभावे पाळलेलं व्रत नातवाच्या रक्तात उतरतं. ज्याला कर्मसिद्धांत मान्य नाही त्यालाही ही गोष्ट अस्वस्थ करील.

अंड्याचा निर्णय आला आणि विरोधही आला. वारकरी आणि जैन संप्रदायांतल्या काही संघटना पुढे आल्या: शाळा सरस्वतीचं मंदिर आहे, तिथे अंडं नको. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने सुधारणा केली. ज्या शाळेत ४० टक्क्यांहून अधिक पालक नको म्हणतील तिथे अंडं कुणालाच नाही, सर्वांना केळं किंवा फळ. शाकाहारी मुलांच्या पानात चुकून अंडं पडू नये म्हणून ओळखपत्रावर हिरवा आणि लाल ठिपका देण्याची सूचनाही त्याच सुमारास निघाली. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. श्रावणात त्याच पोराचा ठिपका बदलायचा का, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय, याचा खुलासा मात्र त्यात नव्हता.

विरोधकांची टर उडवणं सोपं आहे, आणि शहरी पुरोगाम्यांनी ती भरपूर उडवली. पण त्यांच्या बाजूला एक गंभीर युक्तिवाद आहे, तो निदान पुरता ऐकायला हवा. जैन विचारात हिंसा तीन तऱ्हांनी होते: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केलेल्याला अनुमोदन देणं. तिसरी तऱ्हा सर्वांत सूक्ष्म. कर माझा, त्या करातून अंडं, ते अंडं माझ्या मुलाच्या शेजारच्या ताटात. तर मी अनुमोदन दिलं की नाही? जगभरचे युद्धविरोधी लोक बंदुकांसाठी कर का भरायचा म्हणून हेच विचारत आले आहेत. आणि आपल्या मुलाच्या तोंडी आपल्याला निषिद्ध असलेली वस्तू शाळेत जाऊ नये, ही आईबापांची मागणी तर कुणाही समंजस माणसाला मान्य व्हावी. केळ्याची सोय त्याचसाठी होती.

या पेचाचं सर्वांत बोलकं उदाहरण एका घरातलं आहे आणि ते मुंबईचं आहे. १९०२ साली गांधीजी गिरगावात राहत होते. दुसरा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा. त्याला विषमज्वर झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी सांगितलं, अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्या, नुसत्या दुधाने भागणार नाही. मी कितीतरी हिंदू घरांत जातो, कोणी अडवत नाही. गांधीजींनी नकार दिला. मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, मला नको, तुमचे पाण्याचे उपचार करा. आत्मकथेत ही हकिकत सांगताना गांधीजी एक वाक्य असं लिहून जातात की वाचणारा थबकतो: मी दिलं असतं तर त्याने ते घेतलंही असतं, हे मला ठाऊक होतं. मग कटिस्नानं, पाणी घातलेला संत्र्याचा रस, १०४ चा ताप, एका रात्री ओल्या चादरीत गुंडाळलेलं पोर आणि रामनाम घेत चौपाटीवर येरझारा घालणारा बाप. मणिलाल वाचला. कशाने वाचला, देवाच्या कृपेने, पाण्याने की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असंही गांधीजींनीच लिहून ठेवलं.

ही गोष्ट अंड्याच्या विरोधकांना आवडते, आणि त्यांनी ती जरूर सांगावी. फक्त पूर्ण सांगावी. त्या रात्री जोखीम होती ती गांधींच्या घरातली. पोर त्यांचं, चादर त्यांनी भिजवलेली, काही विपरीत झालं असतं तर उरलेला जन्म त्यांनाच त्या खोलीत काढावा लागला असता. शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजारी मुलाला डॉक्टर अंडं देत असेल तर ते थांबवायला ते गेले नाहीत. (आणि मणिलालला खरंच निवड होती का, हा प्रश्न मिटत नाहीच. दहा वर्षांचा मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहून बोलतो.) पुढे चाळीस वर्षांनी, १९४२ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरची छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात ते म्हणतात की ज्याला दूध चालतं त्याला अफलित अंड्याची हरकत असायचं कारण नाही. आज पोल्ट्रीतून येणारी बाजारातली अंडी जवळजवळ सगळी अफलितच असतात. शाळेतल्या अंड्याविरुद्ध गांधींना उभं करायचं तर ही पुस्तिका लपवावी लागेल.

व्रत हे घेणाऱ्याचं असतं. एकादशी करणारा सासरा सुनेला उपाशी ठेवत नाही. ठेवलंच तर त्याला लोक एकादशीचं पुण्य म्हणत नाहीत, दुसरंच काही म्हणतात. शाळेतल्या ४० टक्क्यांच्या नियमाने नेमकं हेच केलं: शंभरांतल्या चाळिसांचं व्रत उरलेल्या साठांच्या ताटावर ठेवलं. चाळिसांना त्याची झळ काहीच नाही, त्यांचं केळं त्यांना आधीही मिळतच होतं.

मग करातल्या अनुमोदनाचं काय? इथे मराठी परंपरेत एक जुना सरकारी नोकर मदतीला येतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं झाडपाला खाऊन मरू लागली, आणि पंतांनी बादशहाची धान्याची कोठारं उघडली. कीर्तनात ही कथा रंगते ती पुढच्या भागामुळे. पंतांना पकडून नेत असताना विठू नावाचा महार दरबारात जातो, धान्याची सगळी किंमत मोजतो, पावती घेतो आणि गुप्त होतो. श्रोते विठूच्या नावाने टाळ्या वाजवतात. पण थोडं मागे जाऊन पाहावं. दामाजींनी वाटलं ते स्वतःचं नव्हतं. ते दानशूर नव्हते. दान करायला स्वतःच्या मालकीचं काहीतरी लागतं. कोठार बादशहाचं असलं तरी त्यातलं धान्य रयतेच्या शेतातून आलेलं, आणि ज्याने पिकवलं त्यालाच खायला नसताना ते कुलपात ठेवायचं कशासाठी, असा तो हिशेब होता. कोठार उघडताना कोणी त्यांना विचारलं असेल का, की ओळीत उभे असलेले कोण माळकरी आणि कोण नाहीत? कथा तसं काही सांगत नाही. कर भरला की तो माझा पैसा उरत नाही, हे दामाजीच्या गोष्टीत मुरलेलं आहे. जो माझा नाही त्याने विकत घेतलेल्या अंड्याचं अनुमोदनही माझं कसं होईल?

अर्थात विठूने येऊन बिल चुकतं केलं, ही गोष्ट सरकारांना फार सोयीची वाटत असावी. जून २०२४ मध्ये पोषण आहाराचा नवा आराखडा आला. त्यात मुगाची खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मसूर पुलाव, शेवग्याचं वरण, अंडा पुलाव, गोड म्हणून खीर आणि नाचणी सत्त्व असे पंधरा पदार्थ आलटून-पालटून करायचे होते. २८ जानेवारी २०२५ ला दुसरा निर्णय निघाला. अंडा पुलाव आणि खीर-सत्त्व ऐच्छिक. अंड्यांसाठी आणि साखरेसाठी सरकार वेगळे पैसे देणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने हवं तर लोकसहभागातून जमवावेत. वर्षाचा खर्च सुमारे ५० कोटींचा होता. विठूची वाट पाहा, असंच जवळजवळ त्या कागदाने शाळांना सांगितलं.

लोकसहभाग हा शब्द गोड आहे. पण तो आला आणि अंड्याची जातच बदलली. काल ते मुलाचा हक्क होतं, आज दान झालं. हक्कात देणाऱ्याला मत नसतं. दानात देणाऱ्याचं मतच आधी येतं: मी काय देईन, कोणत्या दिवशी देईन, कुणाला देईन. याच तत्त्वावर कर्नाटकात २०१८-१९ मध्ये वाद झाला होता. लाखो मुलांना जेवण पुरवणाऱ्या अक्षयपात्र संस्थेने कांदा-लसूण घालायला नकार दिला. जेवण सात्त्विक असावं ही त्यांची श्रद्धा. श्रद्धा देणाऱ्याची, जीभ मुलाची. केंद्राच्याच योजनेत 'तिथी भोजन' नावाचा प्रकार आहे, त्याला महाराष्ट्रात 'स्नेहभोजन' म्हणतात: कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, तर त्या दिवशी शाळेला गोडधोड द्यायचं. देणारा लाडू देतो, शिरा देतो, केक देतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला उकडलेली अंडी वाटणारा दाता अजून कुणाच्या पाहण्यात असेल तर तो अपवादच.

देणाऱ्या-घेणाऱ्याच्या या नात्याची आठवण उल्हासनगरइतकी ताजी फार कमी शहरांना असेल. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी आणून सोडले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प नंबर एक ते पाच. बराकीत एकेका खोलीत एकेक कुटुंब, मध्ये गोणपाटाचा पडदा, आणि सरकारी शिध्याची रांग. सिंधमधल्या कराची-हैदराबादला ज्यांच्या पेढ्या होत्या तेही हातात डबा घेऊन त्या रांगेत उभे राहिले. रांगेत मिळेल ते घ्यायचं, तिथे आवडनिवड सांगायची सोय नाही. त्याच शहरात आज दरबारांमध्ये भंडारे चालतात, चेटीचंडला ताहिरीच्या गोड भाताची ताटं भरून वाटली जातात, वाटणारे हात त्या रांगेतल्या माणसांच्या नातवंडांचे. सिंधी घरांतला आहारही सरळ रेषेत बसणारा नाही. आजोबांनी गुरुमंत्र घेतला म्हणून मांसाहार सोडलेला, चालिहो व्रताचे चाळीस दिवस घरभर कडक, आणि नातू कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्लेट खातो. देवघरातला झूलेलाल तर पल्ल्यावर बसलेला. पल्ला हा सिंधू नदीतला मासा सिंध्यांचा सर्वांत आवडता, आणि त्यांच्या देवाचं वाहनही तोच. खाणं आणि पूजा यांत इतका उघड समझोता करणाऱ्या माणसांना लाल-हिरव्या ठिपक्यांची मांडणी थोडी बाळबोध वाटत असेल.

उपनिषदांत अन्नाविषयी जे काही आहे ते इकडे बहुधा सुविचारांच्या फळ्यावरच भेटतं, त्यामुळे तैत्तिरीयातली भृगूची गोष्ट नीट वाचायची राहून जाते. भृगू बापाला, वरुणाला, विचारतो की ब्रह्म म्हणजे काय. बाप उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. मुलगा तप करून पहिल्यांदा जे उत्तर आणतो ते अन्न. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, शेवटी आनंद. टीकाकार बहुतेक वेळा अन्नाला खालची पायरी म्हणून पुढे निघून जातात. पण उपनिषद आनंदापर्यंत पोचल्यावर पुन्हा खाली उतरतं आणि अन्नाचीच व्रतं सांगतं: अन्नाला नावं ठेवू नका, अन्न टाकू नका, अन्न पुष्कळ पिकवा, दाराशी आलेल्याला परत पाठवू नका. गंमत अशी की कुठलं अन्न, हे त्या यादीत नाही. आणि शेवटी जाणणारा पुरुष स्वतःला अन्न म्हणवतो तसंच अन्न खाणाराही म्हणवतो. देणाऱ्याचा मोठेपणा तिथे कुठे आलेला नाही.

हे सारं आहारतज्ज्ञाला पाठ असायची गरज नाही. तिचं काम वेगळं आहे, आणि त्यात तात्त्विक प्रश्न फार साध्या वेषात येतात. एक आई म्हणते, "मॅडम, आम्ही माळकरी. पण पोरगी अशक्त आहे तर शाळेत दिलं तर चालेल, घरात नको." धर्म सोडायचा नाही आणि पोरीलाही सोडायचं नाही, यासाठी काढलेली ती वाट, माळ घराच्या उंबऱ्याआत. शास्त्रीपंडितांना ती पटणार नाही, पण घरं अशाच वाटांनी चालतात. दुसरीकडे एखादा पाचवीतला मुलगा केळ्याच्या रांगेत उभा राहून अंड्याच्या रांगेकडे पाहत असतो, कारण मित्र तिकडे आहे. त्याच्या मनात अंडं आहे की मित्र, हे कोणत्या तपासणीत कळणार? आणि स्वयंपाकीण, जिने पहाटे घरी सुकट परतून डबा भरला, ती इथे शाळेत कुकर लावण्याआधी हात धुते, डोक्याला टोपी घालते, मुलांच्या आधी शिक्षकाला चव घ्यायला लावते आणि चव रजिस्टरवर सही मागते. बिहारमधल्या गंडामनच्या शाळेत जुलै २०१३ मध्ये विषारी जेवणाने २३ मुलं दगावली, तेव्हापासून या सहीकडे जास्त काटेकोरपणे पाहिलं जातं. आपण वाढलेल्या ताटाची जबाबदारी आपल्या नावावर घेणं, याहून मोठा धर्म शाळेच्या स्वयंपाकघरात शिकवायला कोणी येत नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा शिलालेख मिरवतं. शिलाहारांचं काम, वालधुनीच्या काठावर. इतर देवळांत देव चढून गाठावा लागतो, इथे गाभाऱ्यात वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीला बाहेर रस्त्यावर मैलभर रांग, आणि रांगेतल्यांना फराळाची साबुदाण्याची खिचडी वाटणारी मंडळं. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून दुसरी खिचडी नाही. उपास ज्यांना परवडतो त्यांना उपासाचीही खिचडी मिळते, अशी कुरकुर कधीतरी ऐकू येते. ती थोडी अन्यायाची आहे, रांगेत गरीबही असतातच. पण सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्याच्या मनात त्या दिवशी वर्षातले शाळेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांचा हिशेब सुरू होतो. शाळा वर्षाला दोनशे-सव्वादोनशे दिवस. उरलेल्या दिवसांत दुपारी काय?

आणि काही मुलांना ते दोनशे दिवसही मिळत नाहीत. बदलापूर-मुरबाडकडच्या कातकरी वाड्यांतून दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको माती मळतात, विटा थापतात, आणि मुलं सोबत असतात. मोठी धाकट्यांना सांभाळतात. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. केंद्र सरकारच्या यादीत कातकरी ही अतिमागास आदिम जमात. त्यांच्या घरात वारांची भानगड फारशी नाही. खेकडा, मासा, घुशी-उंदीर, रानभाजी, जे हाती लागेल ते. अंड्याला त्यांच्याकडून हरकत येण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं आहे, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येतं, ताटही मिळतं. भट्टीपासून शाळा दोन किलोमीटर असली आणि धाकटं भावंड कडेवर असलं, की कार्ड झोपडीच्या कुडात खोचलेलं राहतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं सुरू झालं आणि त्या शैक्षणिक वर्षाअखेरीपर्यंतचे आठवडे मोजून त्याची तरतूद झाली. भट्ट्यांचा हंगामही नेमका तोच. बुधवारी सकाळी शिक्षक हजेरी घेतात, वाडीच्या मुलांच्या नावांपुढे एकामागून एक गैरहजेरीच्या खुणा पडतात, आणि स्वयंपाकीण आत येऊन विचारते, "सर, आज किती उकडू?" शिक्षक हजर मुलं मोजून तिला आकडा सांगतात.